पडवळावरचा पहारा

आईचं पडवळ जतचं. तिकडं प्यायचं पाणी टँकरनं यायचं, पण सांडपाण्यावर तिचा वेल दरवर्षी न्हाणीच्या छपरावर चढायचा. ती गेली त्या वर्षी तिच्या डब्यातल्या पाच बिया मी रहिमतपूरला, सासरी आणल्या. चार कुजल्या. पाचवी उगवली. माझ्या वाटणीला आईचं एवढंच आलं होतं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

श्रावणात मांडवावर काळ्या-नारिंगी पट्ट्यांच्या, काचेसारख्या पंखांच्या दोन-तीन गांधीलमाश्या भुणभुणायला लागल्या. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. सीमेवर अंगाला ओरखडा आला नाही, पण घरी आल्यावर गांधीलमाशी कानाला डसली आणि तीन दिवस सलाईनवर पडले. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हे ताकाच्या वाटेलाच जाईनात. त्यांनी मांडवाभोवती दोरी बांधली, तिला लाल फडकं लावलं.

"दोरीच्या आत पाय टाकायचा न्हाई. आपण डिवचलं न्हाई तर त्या बी काय करत न्हाईत."

रोज सकाळी चहा घेऊन वीस फुटांवर खुर्ची टाकून ते पहारा करायचे. तीन पडवळं लागली. सरळ वाढावीत म्हणून शेंड्याला दगड बांधायचा असतो. तो बांधायला आत जाता येईना, म्हणून ती वेटोळी झाली. बुंध्याशी वेल गाठी धरून फुगला होता. "बाळसं धरलंय," हे म्हणाले. मलाही बरं वाटलं.

एका दुपारी सगळा वेल मान टाकून पडला. मी दोरी ओलांडली, गाठ कापली आणि कृषी सेवा केंद्रात नेली. दुकानदारानं ब्लेडनं ती चिरली. आत पांढरी जाडजूड अळी.

"वर गांधीलमाशीवाणी काय उडत हुतं का?"

"व्हय."

"तो पतंग. ह्या अळीचीच आई. सोंग घेतंय नुसतं, नांगी न्हाई त्याला. हातानं धरून मारायचा की."

घरी येऊन सांगितलं. ह्यांनी दोरी सोडून गुंडाळली. "वर्दी बघून फसलो गं," म्हणाले. मी पडवळं फोडली. आत बी धरलंच नव्हतं, नुसती पांढरी साय. मग मी तिथंच बसून रडले. आई गेली तेव्हाही इतकी रडले नव्हते.

"जतला फोन लाव," हे म्हणाले. "तिकडं असंलच की बी."

मी लावला. वहिनीनं मला बोलूच दिलं नाही.

"वन्सं, शंभर वर्षं आयुष्य तुमाला! आत्ताच नाव काढलं. सासूबाईंचं पडवळ हितं कुणी राखलंच न्हाई बगा. तुमच्याकडं हाय म्हणून आमी निवांत. औंदा धा बिया द्या."

"देते," म्हणाले आणि फोन ठेवला.

"हाय का बी?" ह्यांनी विचारलं.

"हाय," मी म्हणाले. "आपल्याकडं."