परीक्षेसाठी काढलेला केसपेपर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. चूक नेमकी कुठं सुरू झाली, हे मला तरी अजून उमगलेलं नाही.

शुक्रवार होता. अहमदपूरच्या शाळेत शिकवून घरी आले आणि मेथी निवडत बसले, तेवढ्यात मोबाइल वाजला. वैद्यकीय कायद्याच्या पदविकेचा ग्रुप! ह्यांच्या आजारपणात दवाखान्यात माझ्यापुढं सहीसाठी कागदावर कागद आले होते. हे गेले. त्या कागदांत काय होतं ते तरी कळावं, म्हणून पन्नाशीत नांदेडला नाव घातलेलं. सरांचा निरोप होता, "उद्या प्रत्येकाने एक केसपेपर काढून आणावा. त्याशिवाय परीक्षेला बसता येणार नाही."

एवढंच ना? शनिवारी सकाळीच मी सरकारी दवाखान्याच्या रांगेत!

"काय व्हायलंय, मावशी?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"काहीच नाही."

"मग केसपेपर कशाला?"

"परीक्षेला बसायचंय."

त्यानं मला दोनदा न्याहाळलं आणि लिहिलं, 'घाबरल्यासारखं होणे.'

आत डॉक्टरीणबाईंनी बीपी पाहिलं. परत पाहिलं. "लई वाढलंय, बाई. आजच भरती व्हा."

"अहो, मला नांदेडची एसटी गाठायचीय!"

"मग इथं सही करा."

केली. कागद कसा भरगच्च झाला होता! दुपारी वर्गात सगळ्यांत आधी मीच दिला.

सर बघतच राहिले. "ताई, हे काय?"

"केसपेपर. तुम्हीच म्हणालात ना, काढून आणा?"

"अहो, कोर्टाची केस! निकालाची प्रत काढायची होती, नेटवरून!"

मागच्या बाकावरून एक सिस्टर ओरडली, "सर, ताईंनी चालतीबोलती केस आणली!"

सरांनी कागद माझ्यापुढं धरला. "सही तुमचीच?"

"हाव."

"वर काय लिहिलंय?"

मी चष्मा लावला. 'डॉक्टरांचा सल्ला नाकारून स्वतःच्या जबाबदारीवर घरी जात आहे. वरील मजकूर वाचला व समजला.'

"वाचला होतात?"

"घाईत होते, सर."

"आणि आज आपला विषय काय?"

"रुग्णाची संमती," मी पुटपुटले.

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातली पोरं डोकावून गेली. मीही हसले. दुसरं काय करणार?

सरांनी दोन दिवस वाढवून दिले, मी निकालाची प्रत जमा केली आणि परीक्षेलाही बसले. संमतीच्या प्रश्नावर चार पानं लिहिली.

डॉक्टरीणबाईंनी आठ दिवसांनी परत बोलावलं होतं. तिकडं मी अजून गेलेले नाही.