मेंढरांचं पाणी

पडद्यावर कोडखाली कुठे पिवळी रेघ उमटली की दादा खुर्ची ओढून जवळ येत आणि बोट ठेवून तिथली सूचना मोठ्यानं वाचत. मग म्हणत, "दिसाय झ्याक हाय. पर ह्याचं काय?"

सांगलीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात ते सगळ्यांत जुने. मूळचे जतकडचे, मेंढपाळाच्या घरातले. आमचा सगळा जीव फॉर्मॅटरवर. फाइल सेव्ह केली की तो ओळी, कंस, मोकळ्या जागा सरळ करून देतो आणि कोड देखणा दिसतो. लिंटर मात्र पिवळ्या रेघा ओढून चुका काढणारा. हे नाव नियमात बसत नाही, हे घेतलंस पण वापरलंच नाहीस, अशी त्याची कुरकुर. दुरुस्ती आपणच करायची. तुम्हीही वैतागला असता. दादा समजावत, "फॉर्मॅटर मेंढरं वळीनं चालवतो, ताई. कुठलं लंगडतंय ते लिंटर सांगतो."

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही टँकरसाठी प्रोग्राम केला. वस्तीवर माणसं किती, जनावरं किती हे भरलं की पाणी किती पाठवायचं ते तो सांगायचा. तरी वस्त्यांवरून ओरड आली, पाणी पुरत नाही. दादांनी कारण शोधलं. जनावरांचा आकडा आम्ही घेत होतो, पण बेरजेत धरतच नव्हतो. लिंटरनं ते आधीच सांगितलं होतं. 'इथे दुर्लक्ष कर' अशी टीप त्या ओळीवर लिहून टीमनं त्याला गप्प केलं होतं.

दादा चिडले नाहीत. "आमच्या म्हाताऱ्याची मेंढरं बी त्यातच हायत," एवढंच म्हणाले आणि दुरुस्तीला बसले. मधूनच छाती चोळत होते. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणाले, "पित्त हाय. एवढं मार्गी लागू दे."

शनिवारी दुरुस्त केलेला प्रोग्राम चालू झाला. रविवारी पहाटे दादा गेले. जगाच्या सूचना वाचणाऱ्या माणसानं स्वतःची एक वाचू नये, याचा मला राग येतो. रागापेक्षा रडूच जास्त येतं.

दहाव्याला आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो. विधी उरकला आणि टँकर आला. मेंढरं पाण्याला तोंड लावून उभी राहिली. दादांचे वडील बाजूला बसून, शेवटचं मेंढरू पिऊन होईपर्यंत बघत होते. मग त्यांनी खिशातला फोन काढून माझ्याकडे दिला. त्यांना नंबर लावता येत नसे, दादांशी बोलायचं असलं की कुणाकडून तरी लावून घेत.

"लाव गं पोरी," ते म्हणाले. "आज पाणी पुरलं म्हणून सांगतो त्याला."

मी नंबर शोधायलाही लागले होते.