काळी दोनचे दोन स्क्रू

पेटी टेबलावर ठेवताच वैदेही म्हणाली, “आम्ही बिघडवलेली नाही.”

मी तसं विचारलंही नव्हतं. पण पेटी आधी ज्यांची होती, त्या भजनी मंडळाच्या मास्तरांचं पार्से गावात सगळ्यांना सांगून झालं होतं, “माझ्याकडे होती तोवर सुरात होती. बायकांच्या हातात गेली नि बिघडली.”

डिचोलीच्या बाजारात आमचं पेटीदुरुस्तीचं दुकान. यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. एकटीने घेतलेलं माझं हे पहिलंच काम. यांच्या शेजारी बसून मी सूर लावायला शिकले होते. गिऱ्हाइकाशी बोलायला तेवढं शिकले नव्हते.

वैदेही पखवाज वाजवते, मयूरी पेटी. दोघी मोरजीला जोडीने राहतात आणि ते लपवत नाहीत. त्यांनी चौदा बायकांचं मंडळ उभं केलं. गाणाऱ्या, वाजवणाऱ्या, माइक लावणाऱ्या सगळ्या बायकाच. गाणीही स्वतःची, काजूच्या बोंडांपासून या दोघींच्या एका चुलीपर्यंत. रविवारी देवळाच्या सभागृहात पहिला कार्यक्रम होता. जमला तर दर बुधवारी सरावाला सभागृह मिळणार. फसला तर ते परत मास्तरांच्या भजनी मंडळाला.

“नेमकं काय होतं?”

“खाली गेलं की आवाज येत नाही,” मयूरी म्हणाली. “वर गेलं की शेजारचे कुत्रे भुंकतात.”

सोबत शेवंतीकाकी होत्या, मंडळातल्या सगळ्यात थोरल्या. “दोघी एका घरात रवतात, मगे एका सुरात कित्याक नाय गो?”

“घरात भांडता येतं, काकी. पेटीशी कसं भांडू?” वैदेही म्हणाली.

मी एकेक सूर तपासला. सगळे चोख.

“सा कुठला धरता?”

“काळी दोन. मास्तरांनी तेवढीच शिकवली.”

म्हणजे दुसरी काळी पट्टी हा सा. पुरुषांच्या गळ्याला ठीक. बायकांना साधारण काळी चार लागते. पण मयूरीची बोटं काळी दोनलाच बसलेली, आणि रविवार चार दिवसांवर.

तेवढ्यात पेटीच्या कडेची मूठ दिसली. ही स्केल चेंजर पेटी होती. मूठ ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम बाजूला सरकतात. बोटं तीच, सूर वेगळा.

“ही मूठ कधी ओढली नाही?”

“ती शोभेची, असं मास्तर म्हणाले.”

मी ओढून पाहिली. हलेना. वरची फळी काढली. आत दोन पितळी स्क्रू आणि एक चिठ्ठी: “भजनात पट्ट्या सरकतात अशी मास्तरांची तक्रार. काळी दोनला कायमच्या पक्क्या केल्या.”

अक्षर यांचं. ‘कायमच्या’खाली रेघ.

यांचं काम पक्कं असे. दोन स्क्रू काढायला तास लागला. यांच्या हातचं काम मी पहिल्यांदाच मोडत होते. मनातल्या मनात यांच्याशी बरंच भांडून झालं. वर्षभरात ते राहूनच गेलं होतं.

पट्ट्या पाच घरं सरकवल्या, काळी दोनवरून काळी चारवर. मयूरीने नेहमीसारखीच बोटं ठेवली. काकींनी एक ओळ म्हटली आणि थांबल्या. “अगो बाये, ह्यो आवाज माझो?”

रविवारी कुत्रे भुंकले नाहीत. बुधवार मिळाला.

कार्यक्रमानंतर मास्तर माझ्याकडे आले. “काय केलंस गो पेटीला?”

मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“बघ,” ते म्हणाले, “मी म्हणत होतोच. पेटी बिघडलेलीच होती.”

दुरुस्ती करताना आधीची दुरुस्ती कुणाची, ते पाहून घ्यावं. यांची चिठ्ठी मी पेटीत परत होती तिथेच लावली. तिच्याखाली माझी चिकटवली: “स्क्रू काढले. पुन्हा मारू नयेत.” ‘पुन्हा’खाली रेघ.