पावडीवरून पाय उचलला तो रविवार

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाद्रीबाबांना तर नाहीच. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिताना हात अडतो — पण तोंडाने सांगणं त्याहून जड, म्हणून लिहितो.

साठ सालानंतरची गोष्ट. नागपुरातल्या आमच्या बोळीत सगळे विणकर. त्यांतली आम्ही पाच-सहा घरं येशूला मानत होतो, पण चोरून. उघड झालं असतं तर पोरींच्या सोयरिकी मोडल्या असत्या, बोलणं-चालणं तुटलं असतं. म्हणून रविवारी सकाळी गंगाकाकूच्या मागच्या खोलीत जमायचं. काकू विधवा, घर तिचं, जीव टांगणीला तिचा. गाणी बाहेर जाऊ नयेत म्हणून एकाने माग चालवायचा. खटखट, खटखट. बोळीत कोणाचा ना कोणाचा माग चालूच असे — कोण कान देतो?

तो एक म्हणजे मी. माझ्यासारखा हात कोणाचा नव्हता, आजही सांगतो. पाय मागाखालच्या खड्ड्यात, पावडीवर — ती दाबत राहिलं तरच माग चाले. धोटा इकडून तिकडे. आणि पाठीमागे मंडळी गात. सुताच्या खळीचा वास, चुलीवरचा चहा, कॅलेंडरमागे लपवलेला लाकडी क्रूस — काय दिवस होते ते. तसं गाणं मी पुढे मोठ्या चर्चमध्येही ऐकलं नाही. पण त्या गाण्यात मी कधी नव्हतो, कळतं का तुम्हाला? आठ वर्षं पाठ करून बसलो.

एका ईस्टरला म्हटलं, आज दुसरं कोणी बसा, मी गातो. माझा साळा देविदास म्हणाला, "भाऊजी, तुमच्या आवाजापेक्षा धोटा बरा वाजते. तुमी खड्ड्यातच शोभता." सगळे हसले. काकूही हसली, पदर तोंडाला लावून.

मी बसलो. विणू लागलो. गाणं रंगात आलं, आवाज चढले — माग होता ना झाकायला. आणि मी पाय उचलले. काहून? एवढंच वाटलं, आता बघू कोण शोभतं. एका कडव्याइतका वेळ. बाहेर नळावर बायका होत्या. त्यांत काकूच्या लेकीची, सुशीलेची, होणारी सासू.

मंडळी गप्प होऊन माझ्याकडे वळेपर्यंत मी ताण्याचे चार धागे हाताने तोडले होते. "सूत तुटलं," म्हटलं. वर त्यांनी मलाच धीर दिला.

पंधरा दिवसांत सोयरीक मोडली. काकू घर देविदासच्या हवाली करून लेकीसह कामठीला गेली, तिथेच वारली. सुशीलेचं लग्न झालंच नाही.

आता आम्ही उघड चर्चला जातो. त्या खोलीला मंडळी पवित्र जागा म्हणतात. नव्या पोरांना दाखवायला आणतात, मला खड्ड्याजवळ उभं करतात आणि सांगतात — यांनी आपल्याला झाकलं. मी ताठ उभा राहतो. फोटोही काढून घेतला.

मागच्या वर्षी त्यांच्यासोबत सुशीला आली. कानाजवळचे केस पांढरे झालेले. खड्ड्याच्या काठावर बसली, पाय खाली सोडून, आणि म्हणाली, "काका, आई अखेरपर्यंत म्हणे, त्याले बोल लावू नका, सुताचा काय भरोसा."

मी म्हटलं, "हो वं पोरी, त्या साली सूतच कच्चं येत होतं."

सूत पक्कं होतं. तोडताना बोट कापलं होतं माझं.