हळदीचे फोटो पडद्याबाहेर

मित्रहो, आज राजुरीतल्या एका मांडवात मी ‘फॉरमॅट मारा’ या फर्मानाविरुद्ध उभा राहिलो आणि जिंकलो!

माझा मावसभाऊ दत्ता लग्नाचे फोटो काढतो. काल हळदीला त्याने लॅपटॉपला नवरीच्या घरचा टीव्ही जोडून पाहुण्यांना फोटो दाखवले. आज सकाळी टीव्ही काढून घरात नेला आणि लॅपटॉपवर फोटोंचा प्रोग्राम दिसेना. खाली पट्टीवर नाव यायचं, पडदा मात्र रिकामा. फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते.

घोडेगावचा कॉम्प्युटरवाला म्हणाला, "व्हायरस हाय. फॉरमॅट मारतो."

"मंग फोटो?" नवरीच्या आईने विचारलं.

"जात्याल."

"जात्याल कसं? इतकी वर्सं अबोला धरल्याली माझी जाऊ काल माझ्या लेकीला हळद लावाया आली व्हती!"

मी लॅपटॉपवर हात ठेवला. "कारण सापडेपर्यंत कुणी काही पुसायचं नाही!"

"राव, हितं भाषण नको," दत्ता कुरकुरला.

पण कारण साधं होतं. टीव्ही अजून उजवीकडे जोडलेला आहे असं समजून लॅपटॉप प्रोग्रामची खिडकी तिकडेच, स्वतःच्या पडद्याबाहेर उघडत होता! मी पट्टीवरच्या नावावर क्लिक केलं, आल्ट आणि स्पेस एकत्र दाबले, मग एम, आणि डावा बाण दाबून धरला. खिडकी सरकत आत आली!

फोटोत दोन्ही जावांचे गाल पिवळेधमक होते. नवरीची आई ओरडली, "आगं, माझ्या जावंला बलवा कुणीतरी!"

समोर दिसत नाही ते संपलंच, असं मानायची ही घाई आपल्याला कुणी शिकवली? सांगा, तुमचं काय काय असं विनाकारण पुसलं गेलंय?