रिगोच्या मागचा नंबर

ओदालिसला हट्टी म्हणणारे क्युबातल्या आमच्या कामाग्वे शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांत मी पहिली. पंचवीस वर्षं तिचे कपडे मीच शिवतेय, त्यामुळे तिची मापं आणि तिचे हट्ट मला सारखेच पाठ आहेत.

घराच्या पुढच्या खोलीत पाच टेबलं मांडून ती खानावळ चालवते. समोरच्या घरात रिगोबेर्तोची सहा टेबलं. तो काळ्या घेवड्यात शेवटी चमचाभर साखर घालायचा आणि ही म्हणायची, पोटभर जेवायला आलेल्या माणसाला हा खीर वाढतो. तो म्हणायचा, बाईसाहेबांचा घेवडा ताटात नको, पेल्यात घ्या. गिऱ्हाइकांच्या तोंडून हे निरोप दिवसभर गल्ली ओलांडत असत. आमची फुकट करमणूक.

मग ती गॅसच्या टाकीची रांग आली. आमच्याकडे रांगेत कुणी एकामागे एक उभं राहत नाही. आल्यावर विचारायचं, "शेवटचं कोण?" हात वर करेल त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा, पुढच्या येणाऱ्याला आपला दाखवायचा आणि खुशाल सावलीत जाऊन बसायचं. त्या सकाळी ओदालिसनं विचारलं, तर हात वर झाला रिगोचा. आता हिला चारचौघांत म्हणावं लागलं, "मी रिगोच्या मागे." अख्खी रांग हसली. ती लाल झाली, ते रागानं असं आम्हाला त्या दिवशी वाटलं.

तेव्हापासून तोच लवकर येऊन सांगून ठेवू लागला, "माझ्यामागे ओदालिस आहे." कुणी कुरकुर केली तर भांडायचाही. ही नऊ वाजता आरामात यायची, त्याच्यासाठी कॉफी घेऊन. तो डब्यातून घेवडा आणायचा. "साखर जास्त झालीय," म्हणत ही डबा चाटूनपुसून परत द्यायची. पाच वर्षं हे चाललं. दोघंही पन्नाशीला टेकलेली, आणि प्रेम करायला जागा कुठली, तर गॅसच्या गोदामासमोरचा कट्टा.

जूनमध्ये सान हुआनच्या सणाला गल्लीत मोठं पातेलं चढतं. घराघरांतून कुणी कंद आणून टाकतं, कुणी मांस, कुणी मका. ढवळायला अर्थात ही दोघं. तिथं सगळ्यांसमोर रिगो म्हणाला, "दोन चुली कशाला पेटवायच्या, ओदालिस? एकीवर भागेल."

"आधी साखर चुकीची आहे हे कबूल कर," ती म्हणाली.

सगळे हसले, तोही हसला. तिनं हो म्हटलं नाही. तिला वाटलं, घाई काय आहे, माणूस समोरच तर राहतो.

ऑगस्टमध्ये त्याच्या बहिणीनं स्पेनहून त्याला कायमचं तिकडे बोलावून घेण्याचे कागद धाडले. तो भरदुपारी हातात पाकीट घेऊन हिच्या दारात आला. मी तिच्या झग्याची खालची पट्टी टाचत जमिनीवर बसले होते. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "तू म्हणालीस तर नाही जात."

ती एक पाऊल मागे सरली, पट्टी माझ्या हातातून सुटली.

"तुझा नंबर आलाय, रिगो," ती म्हणाली. "आलेला नंबर कुणी सोडतं का?"

त्यानं पाकीट खिशात घातलं. मग "बरोबर आहे" म्हणाला आणि गल्ली ओलांडून गेला. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. थुंकून बोलायला हवं होतं. नाही बोलले, आणि ते मला अजून टोचतं.

तो स्पेनला गेल्यावर मी तिला खूप झापलं. जाऊ नको म्हणायला काय जीभ झडली होती? ती म्हणाली, "उद्या इथं काही कमी पडलं असतं, मावशी, तर माझ्यामुळे नंबर गेला असं त्याच्या मनात आलं असतं. मला वाटलं, मी जा म्हटलं तरी तो थांबेल." आणि माझ्या शिलाईच्या टेबलावर डोकं टेकून ती मोठ्यानं रडली.

समोरच्या दाराला कुलूप आहे. ओदालिस रांगेत येते, शेवटचा कोण ते बघते आणि नंतर येणाऱ्याला सांगते, "माझ्यापुढे रिगो आहे. जरा बाहेर गेलाय." एका नंबरासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटणारी आमची माणसं, पण यावर कुणी ब्र काढत नाही. तिच्या पुढच्याला टाकी मिळाली की ती क्षणभर थांबते, रस्त्याकडे बघते आणि मग खिडकीशी जाते.

गेल्या मंगळवारी तिला ताप होता. मी सकाळीच जाऊन बसले. एक नवी बाई आली, शेवटचं कोण म्हणाली. मी हात वर केला.

"पण माझ्यामागे रिगो आहे," मी सांगितलं, "आणि त्याच्यामागे ओदालिस."