लातूरच्या बाकावरची ओळख

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय – माहीत नाही. ऐका फक्त.

मी बीडची. वीस वर्षं पत्रकारिता केली, आणि आता तालुक्या-तालुक्यांत जाऊन वार्ताहरांना शिकवते – मनाच्या आजाराची बातमी कशी लिहावी. मथळ्यात 'वेडसर' लिहू नका. माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नाव छापू नका. आजार म्हणजे अब्रू जाणं नव्हे. बोलायला मला छान जमतं.

मी स्वतः सहा वर्षं गोळ्या घेते. डॉक्टर मात्र लातूरचे – बीडमध्ये कुणी पाहिलं तर? एकदा त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर ओढणीत तोंड लपवून बसले होते. शेजारची बाई हळूच म्हणाली, "मॅडम, घाबरू नका. मी बी पेशंटच हाय." ती सुनंदा. घाटनांदूरची वार्ताहर. तिनं मला ओळखलं होतं, आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी माजलगावला माझं प्रशिक्षण होतं. बारा पुरुष, एक सुनंदा. मी 'लाज कसली?' यावर बोलत होते. ती उभी राहिली.

"मी दोन वर्षं गोळ्या घेते. बातम्या बी देते. काय बिघडलं का माझं?"

कुणीतरी हसलं. एक जण म्हणाला, "मग ताई, तुमच्या बातमीवर भरवसा कसा ठेवावा?" आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमी इतकी वर्षं हायेत. आपल्या लाईनीत बघितलंय का असं कोणी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. सुनंदाही. तिच्या नजरेत मागणं नव्हतं – ती नुसती वाट बघत होती. एक शब्द पुरला असता. 'मी' – एवढाच.

मी म्हणाले, "नाही. माझ्या तरी पाहण्यात नाही."

ती खाली बसली. वहीत काहीतरी लिहू लागली. मी पुढचा मुद्दा घेतला. तोही नीट समजावला – हे जास्त टोचतं.

महिन्याभरात तिच्या संपादकानं पोलिसांच्या आणि पंचायतीच्या बातम्या काढून घेतल्या. "ताण नको तुम्हाला," म्हणाला. उरले वाढदिवस आणि दहाव्याचे निरोप. तिनं वृत्तपत्र सोडलं. हे मला दुसऱ्याकडून कळलं. मी फोन केला? नाही. नंबर होता माझ्याकडे.

भीती होती, असं म्हणता येईल. पण मला नक्की कशाची भीती होती? माझी नोकरी जाणार नव्हती. जाणार होतं ते फक्त लोकांचं माझ्याबद्दलचं मत. तेवढ्यासाठी मी तिला भर सभेत एकटं सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात अंबाजोगाईच्या स्टँडवर ती भेटली. आता एका शाळेच्या ऑफिसात काम करते. सोबत सासू होती. सुनंदानं माझी ओळख करून दिली, "ह्या लई मोठ्या पत्रकार हायेत. मनाच्या आजाराला लाजू नका म्हणून शिकवतेत."

सासू हात जोडून म्हणाली, "पुण्याचं काम हाय, बाई."

सुनंदा माझ्याकडे बघून हसली – खरंखुरं, साधं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मीही हात जोडले. आणि तेवढं कौतुक पदरात घेऊन बीडच्या गाडीत चढले.